कंपनीचं चांगलं नाव होतं ते कोणामुळे?

जर्मनीत आल्यापासून मला बऱ्याच जणांचे मेसेज येतात की अमुक कंपनीची ऑफर आलीय, कंपनी कशी आहे, येऊ का. बहुतेकांनी तोपर्यंत फक्त कंपनीचं करिअर पेज बघितलेलं असतं. हसरे चेहरे, टेबल टेनिसचं टेबल, फळांची टोपली, "आमच्याकडे प्रत्येकाला किंमत आहे" वगैरे. त्यावरून तुम्हाला काही कळत नाही आणि कंपनीलाही त्याचा फारसा फायदा होत नाही, हे मी आता इथे इंटरव्ह्यू घेणाऱ्यांच्या बाजूला बसून सांगतेय.

मी श्टुटगार्टजवळच्या एका छोट्या शहरात मशिनचे पार्ट बनवणाऱ्या मध्यम आकाराच्या कंपनीत आहे. आजूबाजूला बॉश, मर्सिडीज, पोर्शे, सगळे दिग्गज. त्यांचं नाव जगाला माहीत, आमचं नाव दोन स्टेशनं पुढे गेलं की कोणाला माहीत नाही. पगारात आम्ही त्यांना गाठू शकत नाही हे सगळ्यांना माहितीय, तरी लोक येतात आणि मुख्य म्हणजे टिकतात. हे कसं जमतं हा प्रश्न मला सुरुवातीपासून पडायचा, आणि त्याचं उत्तर एचआरच्या प्रेझेंटेशनमध्ये नाही तर शॉपफ्लोअरवर मिळालं.

इथे आउसबिल्डुंग म्हणून प्रकार आहे, म्हणजे शाळा संपली की मुलं कंपनीत प्रशिक्षणाला लागतात, इंडस्ट्रियल मेकॅनिकचं असेल तर साडेतीन वर्षं. पगार मिळतो, आणि आठवड्यातले एक-दोन दिवस किंवा सलग काही आठवडे त्यांना सरकारी व्यावसायिक शाळेत जावं लागतं. आता गंमत अशी की त्या वर्गात एकाच कंपनीची मुलं नसतात, आसपासच्या सगळ्या कंपन्यांची मुलं शेजारी शेजारी बसलेली असतात. मग मधल्या सुट्टीत तुलना सुरू. तुझा मास्टर (म्हणजे कंपनीत काम शिकवणारा) ओरडतो का, तुला खरं मशिन चालवायला देतात की दिवसभर झाडलोट आणि गोदाम आवरणं, परीक्षेच्या आधी अभ्यासाला वेळ देतात का. कायद्याने प्रशिक्षणाशी संबंध नसलेली कामं या मुलांना देता येत नाहीत, पण कोण देतं आणि कोण नाही ते त्या वर्गाला बरोबर माहीत असतं. ते घरी जाऊन आईवडिलांना सांगतात, आईवडील शेजाऱ्यांना, आणि पुढच्या वर्षी कोणाकडे अर्ज येणार ते तिथेच ठरून जातं! आमचा ट्रेनिंग मास्टर हे पक्कं ओळखून आहे. तो पहिल्याच महिन्यात प्रत्येक मुलाकडून एक छोटा पार्ट पूर्ण बनवून घेतो, ड्रॉइंगपासून फिनिशिंगपर्यंत, आणि तो पार्ट घरी न्यायला देतो. मला वाटतं आमच्या कंपनीची यापेक्षा चांगली जाहिरात कोणी केलेली नाही.

दुसरी गोष्ट नोटिस पिरियडची. नोकरी लागल्यावर प्रोबेशन जास्तीत जास्त सहा महिन्यांचं, त्यात दोन आठवड्यांच्या नोटिसवर दोघंही मोकळे. पण नंतर कायद्याने किमान चार आठवडे, आणि आमच्यासारख्या कामात बऱ्याच कॉन्ट्रॅक्टमध्ये तीन महिने लिहिलेले असतात. म्हणजे राजीनामा दिलेला माणूस अख्खा तिमाहीभर तुमच्या शेजारी बसलेला असतो आणि कंपनी त्याच्याशी कशी वागते ते उरलेले सगळे रोज बघतात. मी आधी जिथे होते तिथे राजीनामा दिला की माणूस परका व्हायचा. मीटिंगची इन्व्हाइट बंद, बॉस नजर चुकवणार, उरलेली सुट्टी मागितली की कपाळाला आठ्या. आम्ही बाकीचे बोलत नव्हतो पण प्रत्येकाच्या डोक्यात एकच, उद्या माझ्याशीही हेच होणार, आणि हळूहळू अर्धी टीम गुपचूप बाहेर बघायला लागली.

आत्ताच्या कंपनीत आमचा एक टेस्ट इंजिनिअर सोडून गेला, सरळ जास्त पगारासाठी. बॉसने त्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं की हा चाललाय, चांगली संधी आहे, याच्याकडून टेस्ट बेंचचं, म्हणजे पार्ट तपासायच्या यंत्रणेचं, सगळं नीट शिकून घ्या. इथे जाताना कंपनीकडून लेखी प्रशस्तिपत्र मागायचा तुम्हाला कायदेशीर हक्क आहे, आणि त्यावर पुढची नोकरी बरीच अवलंबून असते. बॉस त्याच्यासोबत बसला, मसुदा वाचला, आणि व्हायब्रेशन टेस्टिंगचं त्याने उभं केलेलं काम त्यात अगदी दोन शब्दांत उरकलेलं दिसलं तेव्हा एचआरकडे परत पाठवून नीट लिहून घेतलं. पुढे काही महिन्यांनी त्याच माणसाच्या सांगण्यावरून त्याचा कॉलेजचा मित्र आमच्याकडे इंटरव्ह्यूला आला. रिक्रूटमेंट एजन्सीला पैसे मोजून जे होत नाही ते असं होतं.

ऑनलाइन रेटिंगचंही सांगते कारण सगळे तेच विचारतात. इकडे ग्लासडोरपेक्षा कुनूनू जास्त बघतात, २००७ मध्ये व्हिएन्नात सुरू झालेली साइट आहे, एक ते पाच स्टार. पण २०२४ च्या फेब्रुवारीत हांबुर्गच्या वरिष्ठ कोर्टाने एका तातडीच्या प्रकरणात असं म्हटलं की कंपनीने रिव्ह्यूवर आक्षेप घेतला तर साइटने लिहिणाऱ्याची ओळख कंपनीला पटवून द्यावी नाहीतर रिव्ह्यू काढावा. म्हणजे वाईट रिव्ह्यू काढून टाकलेलेही असू शकतात, त्यामुळे फक्त स्टार बघून भुलू नका. मी सगळ्यात आधी वाईट रिव्ह्यूखालचं कंपनीचं उत्तर वाचते. "आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद" असं एकच वाक्य सगळीकडे चिकटवलेलं असेल तर आतही तक्रारीचं हेच होत असणार. उलट शिफ्टचं वेळापत्रक उशिरा लागतं ही तक्रार खरी होती, आता इतके दिवस आधी लावतो, असं कोणी लिहिलं असेल तर तिथे माणसं ऐकतात.

आणि जाहिरातीत काय खरंच जास्तीचं आहे ते तपासा. पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाला किमान २० दिवस सुट्टी हा कायदाच आहे, आजारी पडलात तर सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार हाही कायदाच (नोकरीला चार आठवडे झाले की). ३० दिवस सुट्टी तर इथे बऱ्याच कंपन्या देतात. हे सगळं मोठ्या अक्षरात "आमच्या सुविधा" म्हणून छापणाऱ्या कंपनीकडे सांगण्यासारखं दुसरं काही नसावं असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यामुळे आता जे येणार आहेत त्यांना माझं एकच सांगणं. इंटरव्ह्यूच्या शेवटी "काही प्रश्न?" असं विचारतील तेव्हा न लाजता विचारा की या टीममधून शेवटचं कोण गेलं आणि का गेलं. जर्मनीत असं थेट विचारलेलं कोणाला खटकत नाही. आणि जमलं तर टीममधल्या एखाद्याशी बॉस नसताना पंधरा मिनिटं बोलायला मागा. आम्ही देतो. जी कंपनी नाही म्हणते तिथलं मला आधी कळवा, मग सही करा.