कॉम्प्युटरच्या तासाला वर्गात बसवलेली चार मुलं

२०२४ च्या एप्रिलमध्ये लेकीचा आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांत गरीब-वंचित मुलांसाठी राखलेल्या मोफत जागेचा, अर्ज भरायला बसले, तर यादीत सगळ्या महापालिकेच्या आणि अनुदानित शाळा. घराजवळची एकही इंग्रजी शाळा दिसेना. सरकारनं ९ फेब्रुवारीला नियम बदलला होता. ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला २५ टक्के राखीव जागांतून सूट. शहरात एवढ्या अंतरात सरकारी शाळा नाही असं ठिकाण कुठून काढायचं?

मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "घाल की महापालिकेच्या शाळेत. खासगीवाल्यांना सरकारनं पैसे का द्यायचे? तेच आपल्या शाळांना द्यावेत." त्यांचं मला पटतं. मी स्वतः तिथंच शिकले आणि तिथल्या शिकवणाऱ्या बाईंचे उपकार विसरले नाही. पण २००९ च्या कायद्यानं माझ्या लेकीला दिलेला हक्क एका अधिसूचनेनं काढून घ्यायचा, हे काही पटेना.

६ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयानं त्या बदलाला स्थगिती दिली आणि अर्ज नव्यानं सुरू झाले. जन्मदाखला, जातीचा दाखला घरात होता. अडलं ते पत्त्याच्या पुराव्यासाठी लागणाऱ्या भाडेकरारापाशी. करार नोंदणीकृत हवा, तोही अर्जाच्या आधीच्या तारखेचा. नुसता नोटरीचा कागद चालत नाही. घरमालक तयार होईनात. दोन संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर बसून राहिले, नोंदणीचा खर्च मी देते म्हणाले, तेव्हा कुठे त्यांनी अंगठा दिला. भाड्यानं राहणाऱ्यांनी हे काम दिवाळीतच उरकून ठेवावं.

सोडत जूनमध्ये निघाली, पण निकाल राखून ठेवला. शाळा भरल्या. लेक रोज सकाळी दारात उभी राहून गणवेशातली पोरं बघायची. १९ जुलैला न्यायालयानं ती अधिसूचनाच रद्द केली आणि मग आमचं नाव लागलं.

मला वाटलं, संपलं एकदाचं.

दिवाळीनंतर एकदा लेक जेवताना म्हणाली, "आई, कॉम्प्युटरच्या तासाला आम्ही चौघं वर्गातच बसतो. टीचर म्हणतात, आरटीईवाले बसा." घास तसाच हातात राहिला.

शाळेच्या ऑफिसात सांगितलं गेलं की कॉम्प्युटरची फी वेगळी आहे. सरकार आरटीईच्या एका मुलाच्या फीपोटी शाळेला वर्षाला १७,६७० रुपये ठरवतं आणि तेही थकवतं, मग शाळेनं किती सोसायचं? थकबाकीचं दुखणं खरं आहे. संस्थांनी त्यासाठी सरकारशी भांडावं, कोर्टात जावं, आम्ही पालकही सोबत येऊ. पण त्या वसुलीसाठी सहा वर्षांच्या मुलीला रिकाम्या वर्गात बसवायचं?

तोंडी तीनदा विनवलं. काही झालं नाही. मग आमच्या वस्तीतल्या एका वकीलताईंनी कायदा वाचून दाखवला. प्रवेश मोफत म्हणजे कसलीही फी नाही. केंद्राच्या २०१० च्या नमुना नियमांत तर स्पष्ट आहे की या मुलांना वेगळं बसवायचं नाही. पुस्तकं, गणवेश, ग्रंथालय, संगणक, खेळ, कशातही दुजाभाव करायचा नाही. कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे आमच्याकडे महापालिकेकडे, लेखी तक्रार करता येते आणि तिचा निकाल तीन महिन्यांत लावावा लागतो. तिथं समाधान झालं नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोग.

उरलेल्या तिन्ही घरी मी गेले. एक आई रडायला लागली. "लेकराला त्रास देतील गं." तिनं तर कुणाला न सांगता ती फी भरलीही होती, तरी मुलगा वर्गातच बसत होता. शेवटी चौघींनी सह्या केल्या. अर्ज मराठीत, हातानं लिहिला. तारखा, तास, कोण काय म्हणालं, सगळं. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय मी टेबलापासून हलले नाही. सुनावणीत शाळेनं सांगितलं की असं काही घडतच नाही, तेव्हा त्या तारखाच कामाला आल्या.

फेब्रुवारीपासून चौघंही लॅबमध्ये जातात. लेकीनं स्वतःचं नाव मराठीत टाइप केलेला कागद आणला, तो मी शिलाई मशीनच्या वर चिकटवलाय. त्या आईनं भरलेले पैसे मात्र शाळेनं अजून परत केलेले नाहीत. त्याचा अर्ज लिहून झालाय, सोमवारी आम्ही दोघी जाऊन देणार आहोत.