५०० पैकी २१७

आठ दिवस ते पार्सल प्लास्टिकसकट कपाटावर पडून होतं. छापल्यात फक्त ५०० प्रती, माझी २१७वी. "फोडलंस की किंमत गेली, ताई," असं धाकट्याने दोनदा बजावलं होतं. रविवारी तो घरी नव्हता. फोडलं.

आत १२ इंची चौकोनी चित्रपुस्तक, ४८ पानांचं, आणि त्याच्यासोबत गाण्यांची एक तबकडी. १६ पानांचे तीन फर्मे (एकत्र छापून घडी घातलेले पानांचे गठ्ठे), चक्क दोऱ्याने शिवलेले! नुसत्या डिंकावर भागवलेलं नाही, त्यामुळे पुस्तक टेबलावर सपाट पसरतं. पान १६-१७ वर एक नदी आडवी वाहते. डावीकडून हिरवी येते आणि शिवणीपाशी एकदम निळसर होते. दोन्ही पानं वेगवेगळ्या फर्म्यातली, शाईचा मेळ जरासा चुकलाय. सात वर्षं प्रूफं तपासण्यात घालवली, माझी नजर आधी तिथेच जाणार. पण खरं सांगू? चुकलेली नदीच जास्त आवडली.

तसं गाण्यांचं नि पुस्तकाचं नातं जुनंच. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-चार मिनिटंच मावायची. लांबलचक रचना हवी तर चार-पाच तबकड्या लागत, आणि त्या फोटोंच्या अल्बमसारख्या पुठ्ठ्याच्या बाडात बांधून विकत. 'अल्बम' हा शब्द तिथून आला. १९४८मध्ये एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी आली, एका बाजूला वीसेक मिनिटं मावू लागली; बाड गेलं, शब्द राहिला.

पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं फार हळू आवाजातलं आहे. तबकडीचे फेरे तेवढेच, पण मध्याकडे वर्तुळ लहान होत जातं. एका फेऱ्यात सुईखालून कमी खाच सरकते आणि उंच स्वर बोथट होतात. म्हणून दणदणीत गाणं शेवटी न ठेवणं शहाणपणाचं. चित्रकारानेही तिथे पान जवळजवळ कोरं सोडलंय, कोपऱ्यात फक्त एक विझलेला कंदील. चित्रकाराने नि गाणं करणाऱ्याने बसून ठरवलं असणार.

राग आला तो तबकडीच्या खिशावर. मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेला, आत साधं कागदी पाकीटसुद्धा नाही. तबकडी ओढली तशी पुठ्ठ्याची भुकटी तिच्यासोबत बाहेर आली, आणि पहिल्याच गाण्यात टक्... टक्. एवढी देखणी शिवण घालणाऱ्यांना पातळ अस्तर सुचू नये?

ब्रशने पुसून तबकडी वेगळ्या पाकिटात ठेवलीय. रिकाम्या खिशात ते फाडलेलं प्लास्टिक घडी करून सरकवलंय. धाकट्याने विचारलंच तर तेही जपून ठेवलंय म्हणून सांगता येईल.