मोडीत आलेलं मेक्सिकोचं नाणं

मी सराफाकडे टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, तपासायच्या काउंटरला असतो. लोक जुनी चांदी मोडीत आणतात, मी वजन आणि टंच काढतो, मग भाव ठरतो. परवा एक काकू आल्या, नातीला पैंजण करायचे म्हणून जुनी ताटली, वाकडी झालेली निरांजनं, एक करंडा, आणि त्यातच एक मोठं काळपट नाणं. म्हणाल्या, सासरच्या जुन्या पेटीतलं आहे, लक्ष्मीपूजनाला ठेवायचो, आता सगळंच देऊन टाकते.

हातात घेतलं तर रुपयापेक्षा बरंच जड, काट्यावर २६.७ ग्रॅम. एका बाजूला स्पेनच्या राजाचा चेहरा, त्याचं नाव कॅरोलस आणि १७९७, दुसऱ्या बाजूला दोन खांब, एम अक्षर आणि त्याच्या डोक्यावर छोटा ओ, म्हणजे मेक्सिकोची टांकसाळ, तेव्हा स्पेनच्या ताब्यातली. स्पॅनिश आठ रियालचं चांदीचं नाणं!! आणि राजाच्या गालावर, मानेवर बारीक बारीक चिनी शिक्के ठोकलेले. अंगावर काटाच आला, कारण ते शिक्के मारणारे माझ्याच धंद्यातले. चीनमध्ये सराफ-व्यापारी नाणं तपासायचे आणि खरं निघालं की आपली खूण ठोकायचे, पुढचा परत तपासून स्वतःची ठोकायचा.

मशीनवर लावलं, चांदी ८९.६ टक्क्यांच्या आसपास. स्पेनने १७७२ ला आणि परत १७८६ ला गुपचूप चांदी कमी केली होती, आधी ९१.६ असायची, तो कमी केलेला आकडा सव्वादोनशे वर्षांनी माझ्या स्क्रीनवर दिसत होता. तरी हे नाणं जगभर चाललं, अमेरिकेत तर १८५७ पर्यंत कायदेशीर चलन होतं.

काकूंनी विचारलं, चीनचं आमच्या घरात कसं? त्यांच्या घराचं मला काय माहीत, पण मुंबईहून कापूस आणि माळव्याची अफू चीनच्या कँटन बंदरात जायची आणि बदल्यात चांदी इकडे यायची, त्यात ही नाणी असायची. बरीचशी इथे टांकसाळीत वितळून त्यांचे रुपये झाले, म्हणून असं एखादं अख्खं राहिलेलं दिसलं की मला ते भट्टीत टाकवत नाही.

शेठना सांगून ते मोडीतून बाजूला काढलं आणि काकूंना म्हटलं, चांदीच्या भावात देऊ नका, नाणी जमवणाऱ्या जाणकाराला आधी दाखवा. बाकीच्या मोडीत पैंजण बसले, थोडे पैसे वर द्यावे लागले. नाणं त्यांनी रुमालात बांधून परत नेलं, निघताना बजावलं तेवढं की पितांबरीने अजिबात घासू नका.