भाड्याची सायकल: टायर, सीट आणि सेनापती बापट रस्त्याचा चढ

डिसेंबर २०१७ मध्ये पुण्यात औंध आणि विद्यापीठाच्या आवारात भाड्याच्या सार्वजनिक सायकली सुरू झाल्या. पुढच्या वर्षभरात पेडल, ओफो, मोबाइक, युलू अशा वेगवेगळ्या कंपन्यांच्या सायकली शहराच्या पदपथांवर रांगेने उभ्या दिसू लागल्या. त्या काळात औंधहून डेक्कनला गणेशखिंड आणि जंगली महाराज रस्त्याने जायचे आणि परतताना सेनापती बापट रस्ता धरायचा, हा माझा नेहमीचा फेरा होता. हाताला लागेल ती सायकल घ्यावी लागत असल्यामुळे एकाच रस्त्यावर त्यांची तुलना आपोआप होत गेली.

सगळ्यांत मोठा फरक टायरचा होता. यांतल्या काही सायकलींना हवेचे टायर नसून भरीव टायर होते. ते पंक्चर होत नाहीत, त्यामुळे देखभालीचा खर्च वाचतो. परंतु हवा भरलेला टायर खड्ड्याचा दणका स्वतः दबून पोटात घेतो, तर भरीव टायर तो थेट हँडलपर्यंत पोहोचवतो. डांबरावर हे फारसे जाणवत नाही. पेव्हर ब्लॉक सुरू झाले की मात्र मनगटे बधिर होतात आणि पुढच्या टोपलीतला डबा घरी पोहोचेपर्यंत खडखडत राहतो. पंक्चरची कटकट कंपनीची टळते आणि धक्के रोजच्या प्रवाशाच्या वाट्याला येतात, हे मला आजही अन्यायाचे वाटते.

दुसरी गोष्ट सीटच्या उंचीची. खालच्या टोकाला आलेल्या पायडलवर टाच टेकवली असता पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. सीट त्याहून खाली असेल तर गुडघा सतत दुमडलेला राहतो आणि मांड्या लवकर भरून येतात. एका कंपनीच्या सायकलींत सीट धरून ठेवणारी पकड इतकी ढिली असे की वर ओढून घट्ट केलेली सीट विद्यापीठ चौक येईपर्यंत बोटभर खाली सरकलेली असायची. सेनापती बापट रस्त्याच्या चढावर, एकच गिअर असलेली ती जड सायकल अशा सीटवर बसून मारताना जी दमछाक होई, तिचा दोष बऱ्याचदा चढाला दिला जातो. प्रत्यक्षात सीट योग्य उंचीवर असलेली तितकीच जड सायकल तोच चढ संथपणे, पण न उतरता पार करत असे.

नंतर आलेल्या युलूच्या ‘मिरॅकल’ या दुचाकीला पायडलच नाहीत. ताशी २५ किलोमीटरच्या मर्यादेत ती विजेवर चालते. चढासाठी ती सोयीची आहे, हे मान्यच. परंतु चाके लहान असल्यामुळे खड्डा चुकवण्याकडे अधिक लक्ष ठेवावे लागते, आणि तिला मी सायकलींच्या तुलनेत धरत नाही.

महापालिकेने अशा सायकलींसाठी पुन्हा करार केला, तर त्यात सायकलींच्या संख्येइतकेच स्पष्टपणे हवेचे टायर आणि न सरकणारी सीट यांची अट घालावी आणि तपासणी गोदामात न करता भर रस्त्यावर, चढावर करावी, अशी माझी मागणी आहे.