तुम्ही विचारलंत म्हणून: भिगवणला फ्लेमिंगो बघायला नेमकं कधी जावं?

डिसेंबर उजाडला की हा प्रश्न ठरलेला. "पुण्याहून एका दिवसात भिगवण करायचंय, येता रविवार मोकळा आहे, फ्लेमिंगो दिसतील ना?" आणि त्याला जोडून दुसरा: "गाईड घ्यायलाच हवा का? गाडी आपली आहे, होडी तिथे मिळतेच की."

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, ते म्हणजे उजनीच्या पाण्यात. फ्लेमिंगो, म्हणजे आपला रोहित किंवा अग्निपंख, थंडी बघून भिगवणला उतरत नाही. तो पाणी किती उतरलंय ते बघून उतरतो.

भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. भिंत सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात आहे, पण फुगवटा, म्हणजे भिंतीमागे अडलेलं पाणी, मागे सरकत इंदापूर तालुक्यातल्या भिगवण, डिकसळ, कुंभारगावपर्यंत येतो. भिंतीपाशी पाणी खोल आहे, तर या शेपटाकडे उथळ आणि पसरट. पावसाळ्यानंतर धरण भरलेलं असतं तेव्हा इथेही काठापर्यंत पाणी असतं आणि चिखल सगळा खाली बुडालेला असतो. रोहिताचे पाय लांब असले तरी त्याचं खाणं तळाच्या गाळात आहे. पाय टेकले पाहिजेत आणि मान खाली घातली की चोच गाळापर्यंत पोचली पाहिजे. हिवाळ्यात कालव्याला आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाळीचं पाणी, सुटतं, नदीतही पाणी सोडतात आणि पातळी उतरू लागते. काठाला चिखलाची पट्टी उघडी पडते, पाणी ओसरल्यावर पेरायच्या गाळपेरीच्या जमिनी मोकळ्या होतात, मधेमधे बेटं वर येतात. तेव्हा रोहित येतात. धरण काठोकाठ भरलेल्या वर्षी यासाठी जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारीही उजाडतो. २०२३ च्या पावसाळ्यात धरण भरलंच नाही आणि जानेवारी २०२४ मध्येच साठा वजामध्ये गेला. अशा वर्षी हिशेब पूर्ण बदलतो.

"वजामध्ये" हा शब्द बातम्यांत वाचून अनेकांना वाटतं की धरण कोरडं पडलं. तसं नसतं. उजनीची पूर्ण क्षमता साधारण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचं राखीव पाणी आहे. वर्तमानपत्रातली टक्केवारी त्याच्या वरच्या उपयुक्त साठ्याची असते. म्हणजे "उजनी शून्य टक्के" असं छापून येतं त्या दिवशीही धरणात साठएक टीएमसी पाणी असतं, फक्त फुगवट्याच्या शेपटाकडचं पाणी बरंच मागे हटलेलं असतं. हा आकडा निघण्याच्या आठवड्यात बघायची सवय लावा. टक्केवारी अजून शंभरीच्या आसपास रेंगाळत असेल, तर फक्त रोहितासाठी म्हणून निघू नका. झपाट्याने उतरत असेल तर होडीवाल्याला फोन लावा.

मुंबईकरांना यात थोडी गल्लत होते. ठाण्याच्या खाडीत भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून जायचं असतं, तिथला चिखल दिवसातून दोनदा उघडा पडतो. भिगवणला चिखल वर्षातून एकदाच, सावकाश उघडा पडतो. शिवाय खाडीत धाकट्या रोहितांचे थवे मोठे असतात, इथे येतो तो थोरला रोहित: उंच, फिकट, गुलाबी चोचीला काळं टोक असलेला.

आता गाईड. कुंभारगाव आणि डिकसळ परिसरात होडी चालवणारी मंडळी बहुतेक मासेमार आहेत. कोणत्या बाजूचं पाणी कालपेक्षा कमी झालंय, जाळी कुठे लागलीत, रात्री थवा कुठे होता, हे त्यांना रोजच्या धंद्यातूनच कळलेलं असतं. पुण्याहून एखाद्या गटाबरोबर गेलात तर पक्षी ओळखून देणारा जाणकार सोबत असतो, पण पाण्यावर तोही होडीवाल्याच्याच भरवशावर असतो. म्हणून पुण्याचा गाईड नसला तरी चालेल, स्थानिक माणूस मात्र आधीच ठरवून ठेवा. काठावर जाऊन ऐनवेळी मिळेल ती होडी धरली की तासभर गोल फिरून परत येणं होतं.

निघण्याच्या तीन-चार दिवस आधी फोन करा आणि मोघम विचारू नका. "पक्षी आहेत का?" या प्रश्नाला "आहेत की, या" हेच उत्तर मिळणार, आणि ते खोटंही नसतं, कारण कुठले ना कुठले पक्षी असतातच. "मामा, चिखल उघडा पडलाय का? रोहित आज सकाळी दिसले का? किती, आणि होडीने किती वेळ लागतो?" असं विचारा. "काल शंभरेक होते, पण पार पलीकडच्या अंगाला" असं उत्तर देणारा माणूस पक्का समजा. दर होडीला आहे की माणशी, होडी किती तास, एका होडीत किती जण आणि लहान मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का, हेही त्याच फोनवर ठरवून टाका. होडीच्या काठाचं नेमकं लोकेशन मागून घ्या. नकाशावर नुसतं "भिगवण" टाकलंत तर बाजारपेठेत जाऊन पोचाल, पाणी तिथून बरंच पुढे आणि आत आहे.

पुण्यापासून भिगवण सोलापूर हायवेने साधारण १०० किलोमीटर. जानेवारीत सूर्य सात-सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि तेव्हा तुम्ही होडीत बसलेले असायला हवं. म्हणजे हडपसर साडेचारला सोडायचं. यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ असा रस्ता सरळ आणि रुंद आहे, पण हाच गळिताचा हंगाम. उसाने शिगोशीग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर अंधारात डाव्या लेनमधून संथ चालतात. मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या वाढ्यांनी झाकलेला असतो. बागायती पट्ट्यात पहाटे धुकंही धरतं. वेग आवरा, गाडी चालवणाऱ्याला आदल्या रात्री झोपू द्या आणि "सूर्योदय चुकेल" म्हणून त्याला घाई करू नका. दहा मिनिटं उशिरा पोचलात तरी रोहित तिथेच असतात.

पाण्यावरची थंडी शहरातल्या थंडीपेक्षा बोचते. होडी चालू झाली की वारा थेट अंगावर येतो. एका जाड जॅकेटपेक्षा दोन-तीन पातळ थर बरे, कारण नऊ वाजता ऊन चढलं की एकेक काढावा लागतो. कानटोपी हवीच. रंग मातकट, खाकी, करडे असू द्या. लाल-पिवळी-पांढरी जॅकेटं उघड्या पाण्यावर फार लांबून दिसतात.

लाइफ जॅकेट नुसतं खांद्यावर टाकायचं नाही, बकल लावून घट्ट करायचं. "पाणी तर उथळ आहे" हे काठावरून बघून वाटतं. जुना नदीचा पात्रभाग याच पाण्याखाली आहे आणि तो उथळ नाही. २१ मे २०२४ रोजी याच जलाशयात कळाशी ते कुगाव दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. हिवाळ्यात वळवासारखी वादळं नसतात हे खरं, पण वारा सुटला की लाटा उठतातच. तेव्हा होडीवाला "परत फिरू" म्हणाला तर एका शब्दाने वाद घालू नका. चिखलाच्या बेटावर उतरायचा हट्ट धरणारेही असतात. तो गाळ वरून वाळलेला दिसतो आणि पाय टाकला की मांडीपर्यंत आत घेतो.

होडी मधेच थांबली तर घाबरू नका. बाटल्या आणि थर्माकोलचे तुकडे तरंगताना दिसतात ती जाळ्यांची खूण असते आणि कधीकधी मोटरच्या पंख्यात जाळं अडकतं. मोटर उचलून, सोडवून पुढे जायला पाच-दहा मिनिटं लागतात.

आणि मग थवा दिसतो. लांबून ती पाण्यावरची फिकट रेघ वाटते. जवळ जाताना चांगला होडीवाला सूर्य तुमच्या पाठीशी येईल असा वळसा घेतो, मोटर बरीच आधी बंद करतो आणि पुढचं अंतर बांबूने रेटत तिरकं कापतो. सरळ रोखाने गेलं की पक्षी बिथरतात. आता दुर्बिणीतून एकच पक्षी निवडा आणि त्यालाच बघत राहा. तो जागच्या जागी पाय मारत गाळ ढवळतो आणि डोक्याभोवती हळूहळू गोल फिरतो. पाणी ओसरल्यावर चिखलात जी गोल कडी दिसतात ती याचीच. चोच उलटी, म्हणजे वरचा जबडा खाली करून पाण्यात धरलेली असते. जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे होते, गाळाचं पाणी आत ओढलं जातं, चोचीच्या कडेच्या बारीक दातेरी चाळणीतून बाहेर फेकलं जातं आणि किडे, अळ्या, शेवाळ, बिया आत राहतात. वारा पडलेला असेल तर ते पाणी निथळल्याचा आवाजसुद्धा येतो. राखाडी, मळकट दिसणारे पक्षी आजारी नसतात, ती पिल्लं असतात. गुलाबी रंग खाण्यातून येतो आणि पुरता चढायला काही वर्षं जातात.

इथेच ती मागणी होते, जी ऐकून मला मनापासून वाईट वाटतं: "मामा, एकदा उडवून दाखवा ना." उभ्या रोहिताचा खरा लाल-काळा रंग मिटलेल्या पंखांत लपलेला असतो, म्हणून फोटोसाठी थवा उडवायला सांगतात. हा जड पक्षी आहे. हवेत उठायला त्याला पाण्यावरून बरीच पावलं धावावं लागतं. दिवसात दहा होड्या आल्या आणि प्रत्येकीने एकदा उडवलं, तर खायच्या ऐन वेळेत तो दहा वेळा धावतो आणि शेवटी ही जागाच सोडतो. खुणा ओळखायला शिका. माना खाली असतील तर सगळं ठीक. माना ताठ झाल्या की थांबा. सगळे एकाच दिशेने चालू लागले की तुम्ही आधीच जास्त जवळ आलात, होडी मागे घ्यायला सांगा. आणि पंखांचा रंगच बघायचा असेल तर वीस मिनिटं गप्प बसा. पिसं साफ करून झाली की एकेक पक्षी आपणहून एक पंख आणि एक पाय मागे ताणतो, किंवा दोन्ही पंख उघडून उभा राहतो. तो लाल रंग तेव्हा निवांत बघायला मिळतो. होडीवाल्याला निघतानाच सांगून ठेवा की उडवायचं नाही. गिऱ्हाइकाची तशी अपेक्षा असते असं समजूनच बरेच जण ते करतात. तुम्ही नको म्हटलंत की त्यालाही बरं वाटतं.

दुर्बीण ८×४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी घ्या. दहापट मोठं दाखवणारी होडीत हलते आणि डोकं दुखतं. कॅमेऱ्याला ४०० मिलिमीटरची लेन्स पुरते. ट्रायपॉड होडीत निरुपयोगी आहे, मांडीवर उशी किंवा पिशवी ठेवून त्यावर लेन्स टेकवा. साडेनऊनंतर पाण्यावरची हवा थरथरते, लांबचे फोटो कशानेही धारदार येत नाहीत.

रोहित आलेच नसतील तर? तरी जा. पट्टकादंब हिमालय ओलांडून आलेले असतात, डोक्यामागच्या दोन काळ्या पट्ट्यांवरून लगेच ओळखू येतात. चक्रवाकांच्या जोड्या, थापट्या बदकं, शेकाटे, चमचे, चित्रबलाक, वारकरी नावाच्या पाणपक्ष्यांचे काळे जथे, खांबावर मासा धरून बसलेला मीनखाई. माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्याला डिसेंबरची ही गर्दी फेब्रुवारीच्या रोहितांइतकीच समाधान देते, फक्त गाईडने नावं सांगायला हवीत.

पाण्यात हात मात्र घालू नका. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथे येतं. आपल्याच घरातलं पाणी आहे ते.

जेवणाचं फोन करतानाच सांगा, म्हणजे कुंभारगावात घरगुती जेवण तयार मिळतं: चिलापी तळलेली, रस्सा, ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी. चिलापीला काटे कमी आणि मोठे, मुलांना द्यायला सोपी. शाकाहारी असाल तर पिठलं-भाकरी किंवा भरली वांगी सांगून ठेवा, ऐनवेळी होत नाही. स्वच्छतागृह कुठे आहे हेही आधी विचारा, काठावर बहुतेक ठिकाणी नसतं.

दुपारी परत होडी घेण्यात अर्थ नाही. अंगात जोर असेल तर तीननंतर कडबनवाडीच्या माळाकडे वळा. तिथे चिंकारा आहे, पखुर्ड्या, चंडोळ, धाविक असे माळावरचे पक्षी आहेत आणि गवतावरून अगदी खालून तरंगत जाणारे भोवत्या हे शिकारी पक्षी आहेत, जे मध्य आशियातून येऊन आपल्याकडचे नाकतोडे खातात. माळावर गाडी ठरलेल्या वाटेनेच न्यायची. गवतात घातली की जमिनीवरची घरटी आणि अंडी चाकाखाली जातात. वनखात्याची परवानगी आणि मार्गदर्शक आधी ठरवून ठेवा.

सूर्य मावळायच्या आत हायवेला लागा. पहाटे भेटलेल्या ट्रॅक्टरांची दुसरी खेप तेव्हा कारखान्याकडे निघालेली असते. मासे घरी न्यायचे असतील तर भिगवणच्या बाजारात घ्या, तिथेच साफ करून मिळतात, पण बर्फ घालायला झाकणाचा डबा घरूनच आणा.