फिक्सीला सरळ हँडल

फिक्सीचे (मागच्या चाकाबरोबर पेडलही सतत फिरत राहते अशा सायकलीचे) खाली वळलेले ड्रॉप हँडल काढून आज सरळ हँडल बसवले आणि संध्याकाळी सेनापती बापट रस्त्यावर एक फेरी मारली. ड्रॉप हँडलच्या नळीचा व्यास 23.8 मिलिमीटर, तर सरळ हँडलचा 22.2, त्यामुळे ब्रेकचा लिव्हरही नवा घ्यावा लागला (बिनब्रेकची फिक्सी चालवणाऱ्या शूरांचा हा खर्च वाचतो, पण त्यांच्या वाटेला मी जाणार नाही). ज्या सायकलीवर उतारालाही पाय थांबवता येत नाहीत, तिच्यावर पेडल मागे रेटून वेग कमी करताना हातांची पकड रुंद असली की पुढचे चाक डगमगत नाही, हे रिक्षा अचानक आडवी आली तेव्हा नीट जाणवले. मात्र गर्दीतल्या फटीतून निसटणे अवघड झाले आहे. दोन्ही टोके थोडीथोडी कापून घ्यावीत, असा विचार आहे.