मागचा टायर चौकोनी झाला: माझ्या होंडा सीबीआर ६५०आर बाईकची टायर डायरी

ओडो (ओडोमीटरवरचे किमी) ११,४८०

चेन साफ करायला बाईक पॅडॉक स्टँडवर घेतली, मागे बसून चाक फिरवत होतो आणि तेव्हा कुठे लक्ष गेलं, टायर गोल राहिलेलाच नाहीये. मधोमध चार बोटं रुंद सपाट पट्टा, पाटासारखा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हाताला चक्क कड लागते. डेप्थ गेज लावला. मध्ये १.७ मिमी, खांद्यावर (कडेच्या उतरत्या भागावर) ४.६. म्हणजे मी स्वतःला वळणांचा माणूस समजत होतो आणि टायर म्हणतोय की बाबा तू सरळ रस्त्यावरच जास्त असतोस. पुढच्याचं उलटं, मध्ये बऱ्यापैकी माल शिल्लक पण दोन्ही बाजू खाल्लेल्या, वळणात शिरताना ब्रेक धरून ठेवायची सवय आहे त्याचा तो पुरावा.

गेले दोन महिने मी सस्पेन्शनला शिव्या घालत होतो. बाईक वळणात पडायलाच, म्हणजे झुकायलाच मागायची नाही, हँडल ढकलावं लागायचं, आणि मग एका ठरावीक कोनानंतर एकदम धपकन आत पडायची. मागच्या शॉकच्या प्रीलोडच्या (स्प्रिंगच्या ताणाच्या) पायऱ्या मोजून मोजून वैतागलो. ते धपकन म्हणजे ही कड ओलांडणं होतं, बाकी काही नाही.

ओडो ११,६२०

टायर शोधायचं काम सुरू. माप गाडीचं जे आहे तेच ठेवणार, पुढे १२०/७० झेडआर १७, मागे १८०/५५ झेडआर १७. मित्रमंडळींपैकी दोघांनी लगेच १९०/५५ टाक म्हणून सांगितलं, दिसायला भारी दिसतं म्हणे. आता हिशोब बघा, १८० मिमी रुंदीच्या ५५ टक्के म्हणजे साईडवॉल (टायरच्या बाजूची उंची) ९९ मिमी, १९० च्या ५५ टक्के म्हणजे १०४.५. मागची बाजू साडेपाच मिमी वर येणार, रेक (पुढच्या फोर्कचा तिरकेपणा) थोडा तीव्र होणार, गाडी वळायला चपळ होणार हे खरं, लिटरच्या (१००० सीसीच्या) गाड्यांवर लोक १९०/५० काढून ५५ घालतात ते त्यासाठीच. पण आपली मागची रिम साडेपाच इंच, १९० मुळात ६ इंचाच्या रिमवर नीट बसतो, अरुंद रिमवर तो कडेने आत ओढला जातो आणि त्याचा गोलवा बनवणाऱ्याने ठरवला होता तसा राहत नाही. रुंद टायर म्हणजे जास्त ग्रिप हे डोक्यातून काढा एकदाचं.

बाकी आकड्यांचं पण बघून घ्या. आमच्या मागच्या टायरवर ७३ आणि डब्ल्यू असं कंसात लिहिलेलं असतं. ७३ म्हणजे ३६५ किलो भार, पुढच्याचा ५८ म्हणजे २३६ किलो. डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किमी, आणि कंसात असेल तर २७० च्या वरसुद्धा चालतो असा अर्थ. एच वाला मिळाला तर तो २१० पर्यंतच, बसतो म्हणून बसवू नका.

ओडो ११,७०५

खरा घोळ कुठला टायर घ्यायचा हा. मनात पहिल्यापासून पिरेलीचा सुपरकोर्सा एसपी होता, कारण काय तर तो दिसतो जबरदस्त, खाचा जवळजवळ नाहीतच. मग ठरवलं की आधी मोजू. उधारीवर लेझर थर्मामीटर आणला आणि एक आठवडा जिथे थांबेन तिथे टायरवर धरला, पेट्रोल पंपावर लोक बघायचे की हा टायरचा ताप कशाला मोजतोय. सकाळी चाळीस मिनिटं चांगली रेमटवल्यावर मागचा मध्ये ४३ अंश, खांदा ३७. मोकळ्या घाटात जीव तोडून चालवली तेव्हा खांदा ५२ ला गेला, तेवढंच. ट्रॅकवाले स्लिकला (बिनखाचांच्या रेसिंग टायरला) वॉर्मर लावून ८०-९० ला नेतात आणि मग बाहेर पडतात. एसपी काही स्लिक नाही, रस्त्याचाच टायर आहे, पण त्याची खरी मजा तापल्यावर, आणि मी त्याला अर्धा वेळ थंडच फिरवणार. थंड ट्रॅकी रबरापेक्षा कोमट टूरिंग रबर जास्त चिकटतं हे पचायला मला दोन दिवस लागले, अहंकार असतो हो.

मग यादीत राहिले पिरेली रोसो ४, मिशेलिन पॉवर ५, ब्रिजस्टोन एस २३, कॉन्टिनेंटलचा स्पोर्ट अटॅक ४ आणि मिशेलिन रोड ६. पहिले चार स्पोर्ट, शेवटचा स्पोर्ट टूरिंग. पॉवर ५ वर बराच वेळ अडलो होतो. खाचांचं प्रमाण ११ टक्के, खांद्यावर कार्बन ब्लॅकचं रबर, म्हणजे कोरड्यात झुकल्यावर मस्त. कॉन्टिनेंटलची पण एक गोष्ट आवडली, त्यांचा नवा टायर गुळगुळीत नसून पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत ठेवलेला असतो त्यामुळे पहिल्या किलोमीटरपासून पकड येते, आणि मध्ये कडक कडेला मऊ हा फरक ते दोन रबरं जोडून करत नाहीत, एकाच रबराला भाजण्याचं तापमान कमीजास्त करून करतात, मधे जोड नाही. डोकं आहे.

पण माझ्या सव्वाशे राइडची वही काढली (हो, वही आहे, हसू नका) आणि त्यात चौतीस वेळा ओला रस्ता होता. ट्रॅकला किती वेळा गेलो? एकदा. तिथेच विषय संपला. रोड ६ घेतला. सिलिका भरपूर, म्हणजे थंड आणि ओल्यात रबर लवचिक राहतं, आणि त्याच्या बारीक खाचा खाली जाताना रुंद होत जातात, टायर झिजला तरी पाणी काढायची जागा राहते. मागच्यात मधलं कडक रबर खांद्याच्या मऊ रबराखालूनही जातं, म्हणून झुकून गॅस दिला की कड लुळी पडत नाही. "काका टायर" म्हणून चिडवलं सगळ्यांनी. चिडवू दे.

एक सांगून ठेवतो, याच नावात जीटी वाला वेगळा येतो, तो जड टूरिंग गाड्यांसाठी, ढाचा जास्त कडक. माप दोन्हीत सारखं मिळतं त्यामुळे ऑर्डर करताना नाव पूर्ण वाचा.

आणि पुढच्यात अजून जीव होता तर फक्त मागचा बदलावा का, यावर एक रात्र घालवली. जोडीच घेतली, कारण पुढच्याचे खांदे गेलेले आणि मागचा नवा गोल, म्हणजे पुढचा एका तऱ्हेने वळणार आणि मागचा दुसऱ्या.

ओडो ११,७६०

टायर आले. पहिलं काम साईडवॉलवरचे चार आकडे बघणं, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. पुढचा ०९२४, मागचा ४१२३. चालेल. हा पूर्ण कोड बऱ्याचदा एकाच बाजूला असतो, दिसला नाही तर टायर उलटा करा, दुकानदाराशी भांडू नका (मी भांडलो).

चाकं मी घरीच काढली, फक्त टायर चढवायला मशीनवर नेली. डिस्क वर ठेवून न्यायची, आणि एबीएसच्या रिंगला धक्का लावायचा नाही. मशीनवाल्याला दोन गोष्टी बोटाने दाखवल्या, फिरायच्या दिशेचा बाण आणि जुना व्हॉल्व्ह. तो म्हणाला व्हॉल्व्ह चांगलाय. मी वाकवून दाखवला, मुळाशी केसासारख्या भेगा. बदलला मुकाट्याने. बीड (टायरची रिममध्ये अडकणारी कड) बसताना जो टप्प, टप्प असा दोनदा आवाज येतो तो ऐकला की मला का कोण जाणे फार बरं वाटतं. मग रिमच्या कडेला टायरवर जी बारीक रेघ असते ती सगळीकडे सारख्या अंतरावर दिसतेय का बघितलं, पुढच्याची एका ठिकाणी आत गेली होती, हवा सोडून साबणपाणी लावून परत बसवला. बॅलन्सिंगला पुढे १५ ग्रॅम लागले, मागे २५.

घरी चाकं परत बसवताना मागच्या अॅक्सलचा एक कॉलर (चाकाच्या बाजूला बसणारी नळी) खाली पडून गडगडत गेला आणि तो डावा की उजवा हे आठवेना. काढायच्या आधी फोटो काढा. मी आधीच्या वेळी काढला होता, या वेळी शहाणपणा केला.

पण खरी फजिती पुढे. सगळं टॉर्कला कसलं, चेनचा ढिलेपणा मॅन्युअलप्रमाणे ठेवला, गाडी स्टँडवरून उतरवली, ढकलत गेटपर्यंत आणली आणि पुढचा ब्रेक दाबला तर लिव्हर थेट ग्रिपला टेकला. काहीच नाही, पोकळ. चाक बसवताना ब्रेकचे पॅड मागे ढकलले होते आणि पंप करायचं विसरलो. चार-पाचदा दाबल्यावर कडक झाला, पण गेटबाहेर उतार आहे आणि मी चावी लावलेली होती. पाठीतून गार पाणी गेलं.

ओडो ११,७६२ ते ११,९१०

पहिले दीडशे किमी सांभाळून. वरचा थर चकचकीत असतो, तो घासला जाईपर्यंत झुकवायचं हळूहळू वाढवत नेलं, आणि झटका द्यायचा नाही, ना गॅसचा ना ब्रेकचा. काही जण सँडपेपर मारतात, मला त्यात अर्थ वाटत नाही.

पण दुसऱ्याच वळणाला मी आतल्या बाजूला जास्तच शिरलो, कारण दोन महिने ढकलून ढकलून वळवायची सवय लागलेली आणि आता नुसतं बघितलं तरी गाडी पडते. हँडल हलकं, पडणं एकसारखं, मध्ये कुठे पायरी नाही. यातलं किती रोड ६ चं आणि किती नुसतं नव्या गोल टायरचं? प्रामाणिकपणे सांगायचं तर ऐंशी टक्के गोलव्याचं. कुठलाही नवा टायर टाकला असता तरी मी असंच नाचलो असतो.

प्रीलोड परत स्टँडर्डला आणला, वायफळ बदललेल्या सगळ्या पायऱ्या उलट्या.

ओडो १२,६४०

टायर थंड असताना हवा पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय, मॅन्युअलचेच आकडे. तासभर चालवून परत मोजली तर ३९ आणि ४६. ग्रिपसाठी ३२ ठेव म्हणणारे भेटतील, तो ट्रॅकचा खेळ, रस्त्यावर तेवढ्यात टायर डुलतो आणि खड्ड्यात रिमला लागायची भीती. पंपावरचा काटा माझ्या गेजपेक्षा ३ पीएसआय जास्त दाखवतो, म्हणजे इतके दिवस मी पंपाच्या भरवशावर मागे ३९ वर फिरत होतो.

काल पहिला खरा पाऊस लागला. पांढऱ्या पट्ट्यांवरून जाताना जुना टायर मागून जरा सरकायचा आणि पोटात गोळा यायचा, या वेळी तीन ठिकाणी मुद्दाम लक्ष दिलं, शांत होता. गॅस अर्थात लोण्यासारखा देत होतो, प्रयोग करायची जागा नव्हती ती.

मोजमाप: मागे मध्ये नवीन असताना ६.४ होतं, आता ६.२. खांद्यावर काही फरक नाही, आणि दोन्ही कडांना अजून बोटभर चकचकीत पट्टी तशीच आहे, म्हणजे तेवढं कधी झुकलोच नाही, ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्या. पुढचं माप १५,००० ला.